मसाल्याच्या डब्यातला आठवडा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीसारख्या मैत्रिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या घरी चहाला येणार नाही आणि आईला भेटणार नाही.

आधी मी मुद्दे काढले होते. सवयच आहे तशी. वाडीला एका ट्रान्सपोर्ट गोदामात मी माल रवाना करण्याचं काम बघते — कोणती गाडी, कोणता माल, किती नग, किती वाजता. बावीस वर्षं. माझ्या यादीतला नग सहसा चुकत नाही. तर या गोष्टीचेही सात मुद्दे काढले, आणि वाचून पाहिले तर त्यात मी कुठेच नव्हते. ‘डबा हलला’, ‘पाहणी झाली’, ‘बदल करण्यात आला’. कोणी हलवला? म्हणून तो कागद फाडला.

आईपासून सुरुवात करते. माझी आई सावनेर तालुक्यात सरकारी नर्स होती. उभं आयुष्य गावागावांत गेलं — बाळंतपणं, लसी, खाणीजवळच्या वस्त्यांमधले ताप. लोक तिला सिस्टरबाई म्हणत. आता तिचं वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली आहे. उजेड कळतो, माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. ती खालच्या मजल्यावर राहते, आम्ही वर. बाबा गेल्यापासून मी तिला वर ये म्हणते आहे. ती म्हणते, खालचं घर पायाला पाठ आहे.

अडीच वर्षांपूर्वी आमच्या भागात एक सरकारी योजना आली. म्हाताऱ्या, एकट्यानं न जमणाऱ्या माणसांना घरी मदतनीस मिळायची, खर्च सरकारचा. पण त्यात एक गोष्ट वेगळी होती. मदतनीस कोण असावी, तिनं कधी यावं, काय करावं, काय करू नये, हे सगळं त्या म्हाताऱ्या माणसानंच ठरवायचं. रोजची नोंद त्यानंच तपासायची, सही त्यानंच करायची. जमत नसेल तर घरातला कोणी प्रतिनिधी. पण आधी तो स्वतः.

अर्ज मी आणला. मी भरला. कागद मी जोडले. प्रतिनिधीच्या रकान्यात माझं नाव मी आधीच लिहून टाकलं होतं, आणि आईला वाचून दाखवताना ती म्हणाली, “ते खोड.”

एवढंच. रागानं नाही. इंजेक्शनची सुई बदल म्हणावं तसं.

मी खोडलं. आणि वनिता आली.

वनिता वाडीतच भाड्याच्या खोलीत राहते. चौतिशीची, एका मुलीची आई, नवरा ट्रकवर. आईनं तीन जणींशी बोलून हिला निवडलं. मी विचारलं, हीच का? बाकीच्या दोघींकडे कोर्सचं सर्टिफिकेट होतं. आई म्हणाली, हिनं आल्याबरोबर विचारलं, आजी, तुम्हाला हात कुठे धरलेला चालतो? दुसरीनं विचारलंच नाही, सरळ धरला.

मी काय केलं असतं? सरळ धरला असता. मला तेव्हाच कळलं होतं ते.

तरी मी मदत करायला गेले. वनितासाठी एक तक्ता केला — वेळा, औषधं, डोळ्यांचे थेंब, आंघोळीचे दिवस, तीन रंगांत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून. भिंतीला लावला. आईनं त्यावरून बोटं फिरवली. गुळगुळीत. “चांगला हाय वं नंदा,” ती म्हणाली, “पण मले काय उपयोग याचा?” मग तिनं माझ्याकडे स्वयंपाकघरातला जुना मसाल्याचा डबा मागितला.

तो डबा तुम्ही पाहिला असेल, प्रत्येक घरात असतो. गोल, स्टीलचा, आत सात वाट्या — सहा कडेनं, एक मधोमध. आईनं त्याचा आठवडा केला. सोमवारच्या वाटीच्या काठाला चिकटपट्टीचा तुकडा, तिथून उजवीकडे मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. मधली वाटी रविवारची. रविवारी वनिताला सुट्टी, म्हणून मधली रिकामी. वनितानं एक तास काम केलं की तुरीचा एक दाणा. डोळ्यांत थेंब घातले की हरभरा. आंघोळ झाली की चिंचोका. वनिता तिच्या वहीत लिहायची, पण आई म्हणायची, तिची नोंद तिची, मालकीण मी आहे तर माझी नोंद वेगळी पाहिजे. दवाखान्यातही दोन रजिस्टरं असायची. दर सोमवारी डबा मांडीवर घेऊन ती बोटांनी आठवडा वाचायची, वनिता वही वाचायची, दोन्ही जुळलं की आई वहीवर आडव्या ठेवलेल्या मोजपट्टीच्या कडेला पेन टेकवून सही करायची. मग दाणे परत त्यांच्या वेगळ्या डबीत.

एकदाही चुकलं नाही. मी सांगते ना, एकदाही नाही. माझ्या गोदामात असं माणूस मिळालं असतं तर मी त्याला जाऊ दिलं नसतं.

मग मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? माझी आई, नजर गेलेली, स्वतःचं घर स्वतः चालवते आहे.

मला काय होत होतं ते सांगते. मी संध्याकाळी गोदामातून यायची, जिना चढताना खालून हसू ऐकू यायचं. दोघींचं. मी दारात गेले की थांबायचं नाही, पण बदलायचं; पाहुणी आली की बदलतं तसं. एकदा ऐकलं, आई तिला सांगत होती की पुरात अडकलेल्या एका गावात तिनं कंदिलाच्या उजेडात जुळी कशी सोडवली, आणि दुसरं बाळ रडेना तेव्हा ती स्वतःच कशी रडली. ही गोष्ट मला माहीत नव्हती. बावन्न वर्षांची मी, तिची एकुलती एक मुलगी — मला माहीत नव्हती. त्या रात्री मी कुठे होते? घरी. यादीबरोबर.

हो, यादी. आई पहाटे निघायची तेव्हा मी झोपलेली असायची. उशाशी कागद असायचा. दूध तापव. डबा भर. केसांना तेल लाव. दाराला कडी लाव. प्रत्येक कामापुढे चौकोन. संध्याकाळी ती येऊन चौकोन बघायची. एकदा मी दूध प्यायले होते आणि खूण करायची राहिली. मी म्हटलं, आई, मी प्यायले. ती म्हणाली, खूण कुठे आहे? लिहिलं ते झालं. आठवलं ते झालं असेलच असं नाही. मी नऊ वर्षांची होते. मी त्या कागदांवर वाढले. पुढे मीच याद्या करायला लागले, त्यात मला कोणी हरवू शकत नाही, आणि मला वाटायचं की ही आमच्या दोघींची भाषा आहे. वनिताला आईनं कधी यादी दिली नाही. वनिताशी ती बोलायची.

हे कारण म्हणून सांगत नाही. सांगते आहे कारण आईला नेमकं कुठे धरायचं हे मला त्यातूनच कळलं.

दीड वर्षानं पहिली मोठी पाहणी ठरली. कार्यालयाकडून एक मॅडम येणार, आणि वनिताला बाहेर उभं करून आईला एकटीला विचारणार — गेल्या आठवड्याचं सांगा. वहीशी ताडून बघणार. म्हातारं माणूस खरंच स्वतः बघतं आहे, की मदतनीसच त्याच्या नावानं सगळं उरकते आहे, हे तपासायचं होतं. सोमवार होता, एप्रिलचा. आईनं त्या दिवशी वनिताबरोबरचा मेळ मुद्दाम ठेवला नाही. मॅडमसमोरच करू, म्हणाली. पांढरी साडी काढून ठेवायला सांगितली, बुद्धपौर्णिमेला नेसते ती. मी रजा घेतली होती.

नऊ वाजता मी खाली आले. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता, वनिता आईच्या डोक्यावरून पाणी घालत होती. आई काहीतरी म्हणाली, मग वनिता म्हणाली, “आजी, तुमी इतक्या सुंदर दिसून राहिल्या का मॅडम फाईलच विसरन.” आणि आई हसली. लहान मुलीसारखी, खिदळून. मी आईला कधी न्हाऊ घातलं आहे? एकदा. ती मला म्हणाली होती, हळू वं, मी पार्सल नाही.

डबा खिडकीजवळच्या टेबलावर होता.

लिहिताना इथे मी थांबले. उठून पाणी पिऊन आले. पण तेव्हा थांबले नव्हते. तेव्हा मी झाकण उघडलं — घट्ट आहे, उघडताना वाजतं — आणि मंगळवारचे दोन तुरीचे दाणे काढून मधल्या वाटीत टाकले. रविवारात. शुक्रवारचे हरभरे शनिवारात. गुरुवारचा चिंचोका उचलला, तो बोटांतून निसटला आणि कुठेतरी घरंगळला. शोधायला वेळ नव्हता. झाकण लावलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी वर गेले आणि पोह्यांना फोडणी दिली.

माझ्या मनात काय होतं? मला वाटलं होतं, वही आणि डबा जुळणार नाहीत, मॅडमना वाटेल की वनितानं जास्त तास लिहिले. वनिता जाईल. इतकंच हवं होतं मला. आईचं काही करायचं नव्हतं — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण आई लिहिलेल्यावर किती विश्वास ठेवते हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मॅडम अकराला आल्या. तरुण, नीट बोलणाऱ्या. वनिता फाटकाशी जाऊन उभी राहिली. मला म्हणाल्या, तुम्ही बसा, पण मध्ये बोलायचं नाही. कूलर मोठ्यानं चालत होता, तो बंद करायला सांगितला. आईनं डबा मांडीवर घेतला आणि त्यांना समजावून सांगितला — हा तास, हे थेंब, ही आंघोळ — आणि मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी मोबाईलमध्ये फोटो घेतला. आई ताठ बसली होती.

सोमवार बरोबर आला. मंगळवारी तिची बोटं वाटीत जरा जास्त वेळ फिरली. “दोन तास,” ती म्हणाली. वहीत चार होते. मॅडमनी खूण केली. बुधवार बरोबर. गुरुवारी ती म्हणाली, आंघोळ नाही. मग कपाळावर आठी आली. गुरुवारी तिनं केस धुतले होते, शिकेकाईचा वास वरपर्यंत आला होता. तिला ते आठवत होतं. मला दिसत होतं की तिला आठवतं आहे. शुक्रवारी थेंब नाहीत, शनिवारी दुप्पट. आणि मग मधली वाटी.

तिचं बोट त्या दोन दाण्यांवर थांबलं. बराच वेळ.

मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, “आजी, रविवारी तर सुट्टी असते ना? डबा राहू द्या, तुम्हाला आठवतं ते सांगा.”

“आठवणीचं काय खरं मॅडम,” आई म्हणाली. “नोंद म्हनते ते खरं.”

मॅडमनी वही पुढे केली, मग त्यांना आठवलं की आईला दिसत नाही, आणि हळू आवाजात विचारलं की वहीत काही वाढवून लिहिलं गेलं असेल का. मला हवं होतं ते हेच वाक्य. मी त्याचीच वाट बघत बसले होते.

आईनं लगेच मान हलवली. “नाही. ते पोरगी खोटं लिवत नाही. माह्याच डोक्यात गडबड होऊन राहिली. तुमी तसंच लिहून घ्या.”

मी बोलू शकले असते. बोलायचं नाही हा नियम होता, पण नियमाला मी कधी घाबरले आहे? गोदामात मी भल्याभल्या ड्रायव्हरांना गप्प करते. मी गप्प बसले, आणि माझ्या मनात त्या क्षणी आलेला विचार — हा सांगायचाच आहे मला — असा होता की ती स्वतःचं डोकं सोडून द्यायला तयार आहे, पण वनितावर संशय घ्यायला तयार नाही. माझ्यासाठी तिनं असं कधी काही सोडलं होतं? मला पाझर फुटला नाही. माझा मत्सर आणखी वाढला.

तिसरी शक्यता तिच्या मनात आलीच नाही. म्हणजे मी. तो माझ्यावरचा विश्वास होता, की तिच्या मोजणीत मी कुठे नव्हतेच? मी अजून ठरवू शकलेले नाही.

अहवालात लिहिलं गेलं की लाभार्थी स्वतः व्यवस्था पाहू शकत नाहीत, प्रतिनिधी नेमावा. पंधरा दिवसांत माझं नाव लागलं. वनिता कामावर राहिली असती, तिच्याविरुद्ध काहीच नव्हतं. मी वेळ बदलली. सकाळी साडेसात. तिला मुलीला शाळेत सोडून नऊच्या आत येता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच साडेसात. आईला सांगितलं की वनिता जमत नाही म्हणते. हे खोटं नव्हतं, असं कोणी म्हणू शकेल. मी म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी वनितानं घर झाडलं, खाट सरकवून. मी दारात उभी होते. जाताना तिनं माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. चिंचोका होता.

“ताई, खाटेखाली सापडला,” ती म्हणाली. “त्या दिवशी झाकन वाजलं तवा आजी माह्याजवळ होत्या.” मग पदर खोचून पिशवी उचलली आणि जरा थांबली. “मी नाही सांगितलं त्यायले. त्यायले सहन नाही होनार. तुमचं तुमी सांगा.”

पुन्हा — आईला काय सहन होईल, हे तिला माहीत होतं. मला नाही. मी तो चिंचोका पर्समध्ये टाकला आणि गोदामात जाऊन दुपारच्या गाड्यांची यादी करायला बसले. त्या दिवशी अमरावतीच्या गाडीत एक नग कमी चढला, तेवढं आठवतं.

आता नवीन बाई येते. कामाला नीट आहे, माझ्या तक्त्याप्रमाणे करते. आईची तिच्याबद्दल काही तक्रार नाही. आईची कशाबद्दलच काही तक्रार नाही. डबा तिनं त्याच आठवड्यात मला परत दिला. धुऊन, पुसून, चिकटपट्टी काढून. “घे वं, तुले मसाल्याले कामी येईन.” तो माझ्या ओट्यावर आहे. मोहरी, जिरं, हळद. मधल्या वाटीत तिखट. रोज उघडते.

आणि आता आई मलाच विचारते. हे मला हवं होतं, नाही का? मी गोदामातून आले की आधी खाली जाते, वही घेऊन तिच्याजवळ बसते, ती विचारते आणि मी सांगते. आज वार कोणता. मी गोळी घेतली काय. दुपारी कोणी आलं होतं काय. सुरुवातीला ती चुकत नव्हती, फक्त विचारून खात्री करायची. आता खरंच चुकते कधीकधी. सतत विचारत राहणारं डोकं शेवटी विसरायला शिकतं का? डॉक्टर म्हणाले, वय आहे. मी मान हलवली.

पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणी आहे. अर्जात एक रकाना आहे: लाभार्थी व्यवस्था परत स्वतःकडे घेऊ इच्छितात काय. मी तिला वाचून दाखवला. निदान तेवढं केलं. तिनं अर्जाच्या कागदावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, “नको. मी काय सांगन अन् काय नाही. माह्याच्यावर माहाच भरोसा नाही राहिला.”

तिथे एक वाक्य पुरलं असतं. आई, तू चुकली नव्हतीस, मी दाणे हलवले होते. पाठ आहे मला ते वाक्य, जिना उतरताना रोज म्हणते. सांगितलं तर तिला तिचं डोकं परत मिळेल. मग ती मला वही खाली ठेव म्हणेल, आणि वनिताचा पत्ता विचारेल. मी रकान्यात ‘नाही’वर खूण केली. नीट, चौकोनाच्या आत.

काल संध्याकाळी खाली गेले तेव्हा नवीन बाई नुकतीच गेली होती. आई खिडकीजवळ बसली होती, माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून.

“नंदा, आज माही आंघोळ झाली काय वं?”

तिचे केस ओले होते. पाठीवरून पाणी ठिबकत होतं, पांढरं झंपर खांद्याशी भिजून चिकटलं होतं. मी वही उघडली, रकाना पाहिला, आणि सांगितलं.

“हो आई. झाली.”

ती बरं म्हणाली.